कालव्यापर्यंतचं डांबर

डांबर सोडून चाक खाली उतरवायचं नाही, असा यांचा नियम होता. यांचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. साखर निघाली म्हणून डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं, तर हा माणूस बारीक टायरची रोड बाइक घेऊन आला. दोन महिन्यांनी जरा साधी दुसरी माझ्यासाठी आणली, कारण साखर यांची असली तरी पहाटे उठण्याची शिक्षा एकट्यानं का भोगायची. आमचं वर्ध्यात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. ते उघडायच्या आत पिपरी मेघेतून निघून जमेल तितकं जाऊन यायचं, आणि रविवारी दुकान बंद म्हणून थेट केळझर.

तिथं एकदा गणपतीच्या टेकडीखाली रस्त्याचं काम चालू होतं. डांबर उखडून नुसती गिट्टी पसरलेली. मी उतरून सायकल हातात धरून चालू लागले. यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि त्या पॅडलमध्ये अडकणाऱ्या, टकटक वाजणाऱ्या बुटांनी ठेचकाळत पलीकडे गेले. बकऱ्या चारणारा एक म्हातारा बघत उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, सायकल तुमच्यावर बसून राह्यली काय?" हे अजिबात न हसता म्हणाले, "चाकाले खडा लागला तर कोन जबाबदार?" मी मात्र घरी येईपर्यंत हसत होते.

मी पुढं आणि हे मागं, असं आमचं चालायचं. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, वहिनीले पुढं काऊन ठेवता, तर हे म्हणायचे, मागून ढकलाले सोपं जाते. खरी गोष्ट अशी की पुढचा वारा कापतो आणि मागच्याला फुकटचा आराम मिळतो. त्या बदल्यात मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठच दिसते. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं त्या बाजूचा हात खाली करून बोटानं दाखवायचा. आणि मागं वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं, आणि मग दोघंही रस्त्यावर. मी सुरुवातीला दर दोन मिनिटांनी वळून बघायची. हे ओरडायचे, "मी हावो ना मांगं! तू चाल."

बघायची गरजही नव्हती. पॅडल थांबवलं की यांच्या मागच्या चाकातून मोठी टिकटिक यायची. माझ्या चाकाचा आवाज असा नव्हताच. मी म्हणायची, तुमची सायकल आहे की भिंतीवरचं घड्याळ. उतारावर मी पॅडल थांबवायची, हेही थांबवायचे, आणि ती टिकटिक माझ्या पाठीशी यायची. तेवढ्यावरून मला कळायचं की हे आहेत, ठीक आहेत, दमलेले नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी हे दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होते. एक घातला. दुसरा हातात घेतला आणि तसेच बसून राहिले. मी अंगणात दोन्ही सायकलींत हवा भरत होते. "येता का आता, का ऊन डोक्यावर घेऊन जायचं," असं मी बाहेरून दोनदा ओरडले. दुसऱ्यांदा चांगलीच चिडून. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. लोक हे वाक्य समजूत काढायला म्हणतात, आणि ते ऐकून घ्यावं लागतं.

सव्वा महिन्यानं मी सायकल बाहेर काढली. बोरगाव मेघेच्या माझ्या जावेनं तोंडावर सांगितलं, की हे काही बरं दिसत नाही. मी म्हटलं, दिसत नसेल तर बघू नका. गावाबाहेर उतार लागला, मी पॅडल थांबवलं, आणि मागून टिकटिक आली.

मी घाबरले नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस घाबरतो. मला एवढंच वाटलं, की आले बाई. आणि मी मागं वळून बघितलं नाही, कारण तो नियमच होता. पुढं खड्डा आला तेव्हा हात आपोआप खाली गेला. त्या दिवसापासून वर्षभर असंच. मी एकटी सायकल चालवते आणि हवेत बोटं दाखवते, हे रस्त्यावरच्या चार लोकांनी पाहिलं असणारच. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी समजावलं असतं, आणि मला समजून घ्यायचं नव्हतं.

मुलगी पुण्याला असते. तिच्या डोक्यात नागपूर रस्त्यावरचे ट्रक बसले. "बाबा होते तेव्हाची गोष्ट वेगळी होती," ती फोनवर म्हणाली. माझ्या ओठांवर आलं होतं, की आहेत की. पण गिळलं. तिनं माझ्याकडून शपथ घेतली, की हायवेवर पुन्हा जाणार नाही, आणि महिन्याभरात एक भलं मोठं खोकं घरी आलं. ग्रॅव्हल बाइक. दिसायला आमच्यासारखीच, वाकड्या हँडलची, पण टायर जाडजूड आणि खाचाखाचांचं. कच्च्या रस्त्यांवर, शेतातल्या पांदणीनं, कालव्याच्या काठानं जा म्हणे. तिकडं ट्रक नाहीत.

ती सायकल पंधरा दिवस हॉलमध्ये उभी होती. मी मुलीला सांगितलं गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत होता. मला भीती होती ती एकच, आणि ती सांगताना आजही लाज वाटते. डांबर सोडलं तर हे येणार नाहीत. ज्या माणसानं गिट्टी लागली म्हणून सायकल खांद्यावर घेतली, तो मेल्यानंतर मुरमावर कशाला उतरेल? भूत मानायचं आणि वर त्याचे नियमही पाळायचे, असा सगळा उलटा कारभार. पण त्या टिकटिकीपलीकडे माझ्याजवळ यांचं काही राहिलेलं नव्हतं. कपडे होते, चष्मा होता. पण त्या वस्तू होत्या.

शेवटी मुलीची शपथ मोडवेना आणि घरात बसवेना. माघ लागला होता. सकाळी मी सवयीनं टायर दगडासारखं टणक होईपर्यंत हवा भरली. मुरमावर हवा कमी ठेवायची असते हे मुलीनं दोनदा सांगितलं होतं, पण वीस वेळा सांगून ऐकणारी बाई मी नव्हे. घरापासून कालव्यापर्यंत गावाकडचा लहानसा डांबरी रस्ता आहे. तिथं ट्रक येत नाहीत. मी पॅडल थांबवून ऐकलं. टिकटिक होती. मग कालवा आला, डांबर संपलं, आणि डावीकडे काठानं लाल मुरमाचा रस्ता सुरू झाला.

मी पाय टेकला. आजूबाजूला कुणी नव्हतं. पुढं बघतच म्हटलं, "अहो, इथून मुरूम आहे. येता ना?"

जिवंत असतानाही अडचणीच्या प्रश्नाला हे उत्तर देत नसत.

मुरमावर सायकल चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात स्वयंपाक करण्यासारखं आहे. सगळं ओळखीचं, पण काहीच हाताशी येत नाही. पुढचं चाक मनाला येईल तिकडं जात होतं. मी हँडल घट्ट धरलं तर ते जास्तच उड्या मारायला लागलं. मनगटांना मुंग्या आल्या. आणि आवाज. टायरखालून खडे सटसट उडत होते, साखळी फ्रेमवर आपटत होती. मी पॅडल थांबवून ऐकायला गेले तर खड्यांचा आवाज तेवढाच, आणि तो बंद व्हायच्या आत सायकलच थांबली. मागं कुणी आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता.

तरी हात खाली जात होता. एका बाजूला कालव्याचं पाणी आणि काठाला बगळे, दुसऱ्या बाजूला तूर, मग पऱ्हाटी, आणि मी दर खळग्याला बोट दाखवत चालले होते. इथं सगळा रस्ताच खळग्यांचा. कुठं कुठं दाखवणार?

पुढं पाणी सोडायच्या गेटापाशी रस्ता उजवीकडे चांगलाच वळतो. वळणावर बंडीच्या चाकानं खोल चर पाडला होता, डाव्या अंगाला. मला दिसला आणि डावा हात हँडलवरून सुटला. डांबरावर एका हातानं वळता येतं. मुरमावर नाही. पुढचं चाक आत रुतलं आणि मी आडवी झाले.

कुठं किती लागलं ते बघायला उठून बसले, तेव्हा माझं तोंड मागच्या दिशेला होतं. वर्षभरात मी पहिल्यांदा मागं बघत होते, तेही ठरवून नाही. रस्त्यावर बारीक धूळ होती आणि तिच्यात चाकाची खूण स्वच्छ उमटली होती. एक नाही, दोन. वळणावरून दोन रेघा शेजारी शेजारी माझ्यापर्यंत आल्या होत्या.

मला त्या क्षणी जे वाटलं ते सरळ सांगते. मला फार सुख झालं. हे आले होते. गिट्टीवर सायकल खांद्यावर घेणारा माणूस मुरमावर उतरून माझ्या मागं आला होता. मी रस्त्यात पाय पसरून बसले आणि त्या रेघांकडे बघत राहिले.

पऱ्हाटीतून कापूस वेचणारी एक बाई धावत आली. ओटीत कापूस भरलेला, हातात पाण्याची बाटली. माझ्याच वयाची असेल.

"लागलं काय मॅडम? हाताले रक्त निघून राह्यलं."

तिनं माझ्या डाव्या हातावर पाणी ओतलं. तळवा चांगला सोलला होता. ती म्हणाली, "मी केव्हाची पाहून राह्यली. तुमी हात करत होत्या मांगं. कोनाले करत होत्या?"

"मागच्याला."

तिनं मान उंच करून रस्ता बघितला. "मांगं तं कोनी नाई."

"चाकं बघा ना," मी म्हटलं. "दोघांची आहेत."

तिनं रेघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असन," ती म्हणाली. बायका एकमेकींना जितकं सांभाळून घेतात, तितकंच ते होतं.

मी उठले आणि लंगडत मागं चालत गेले. मला बघायचं होतं, की दुसरी रेघ कुठून येते. वळणाच्या ऐन मध्यावर रेघांत वीतभर अंतर होतं. थोडं मागं गेल्यावर ते चार बोटांवर आलं. मग दोन बोटं. आणि जिथं रस्ता सरळ होता, तिथं एक रेघ दुसरीवर जाऊन बसली होती. तिच्यापलीकडे, नजर जाईल तिथपर्यंत, एकच.

सायकलला दोन चाकं असतात, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. सरळ जाताना मागचं चाक पुढच्याच्या रेघेवरून येतं, आणि वळणावर तेवढं आतून स्वतःची वाट काढतं. दोन्ही रेघा माझ्याच होत्या. डांबरावर हे कधी दिसलं नसतं. डांबरावर कुणाचीच खूण राहत नाही, म्हणून वर्षभर मला हवं ते मानता आलं. मी तिथं उभी राहून रडले. बारा दिवसांत भरल्या घरात रडले होते त्याहून जास्त.

परत आले तेव्हा बाईनं सायकल उभी करून धरली होती. तिनं हँडलवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "एकट्याच आल्या काय इतक्या दूर?"

वर्षभर हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता. कुणी विचारलं तर घरी आहे, बरी आहे, दुकान चालू आहे, असं काहीबाही सांगायची.

"हाव," मी म्हटलं. "एकटीच."

म्हटल्यावर काहीच झालं नाही. बगळे होते तसेच पाण्याकाठी उभे होते. ती म्हणाली, "सांभाळून जाजा," आणि पऱ्हाटीत परत गेली.

येताना मी दोन्ही हात हँडलवर ठेवले. माझी जातानाची रेघ मोडू नये म्हणून रस्त्याच्या कडेनं आले. का, ते विचारू नका. खळगे आले, गेले, मी कुणाला दाखवले नाहीत. तळवा ठणकत होता. मागं काय आहे ते मला आता ठाऊक होतं, आणि मनात म्हटलं, संपलं, बरं झालं, कधीतरी संपायचंच होतं.

मग मुरूम संपला आणि चाकं डांबरावर चढली. एकदम सगळा आवाज थांबला. पाय दमले होते म्हणून मी पॅडल थांबवलं.

टिकटिक आली. मागून, नेहमीच्याच जागेवरून.

मला हसू आलं. हे इथंच थांबले असणार, डांबराच्या कडेला, एक पाय टेकवून, माझी वाट बघत. दुसरीकडे कुठं थांबतील? हा विचार मला सकाळी कसा सुचला नाही? आणि मला हेही पक्कं माहीत होतं, की मागं कुणी नाही. रेघा मी स्वतः चालत जाऊन बघून आले होते. दोन्ही गोष्टी माझ्यात एकमेकींना धक्का न लावता राहिल्या.

"उतरला नाहीतच ना शेवटी," मी म्हटलं.

हायवे मुलीला दिला. मुरूम माझा एकटीचा. घरापासून कालव्यापर्यंतचं एवढंसं डांबर राहिलं होतं, ते आमच्या दोघांचं.

पुढं डावीकडे एक खड्डा होता. मी मान वळवली नाही. सोललेला हात खाली केला आणि खड्डा दाखवला.