घागरभर पाणी

कोल्हारला माझ्या पिठाच्या गिरणीसमोर सायकली दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसत. बोलताना ते माणसाकडे बघायचेच नाहीत, हातातल्या चाकाकडे बघून बोलायचे. लष्करी लिलावातलं एक छोटं इंजिन त्यांनी स्वतःच्या सायकलला बसवलं होतं. चाक पट्ट्याने फिरवायचं की साखळीने, एवढंच ठरत नव्हतं. मी गिरणीचा जुना चामडी पट्टा देऊ केला.

"साखळी लई खडखड करंल, मिस्त्री."

"पट्टा हितं चालंल," ते चाकाला म्हणाले. "अकोल्याकडं पाऊस लई. भिजला की घसरंल."

पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात त्यांची लेक दिली होती, आणि घाटात पायडल मारायला आता त्यांची छाती साथ देत नव्हती.

साखळी बसली. मग ते सायकल स्टँडवर चढवून इंजिन चालू करायचे आणि फिरत्या चाकावर घागरभर पाणी ओतायचे. साखळी कधीच घसरली नाही. रेशनचं पेट्रोल मात्र त्यातच संपायचं.

"आता निघा की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"पेट्रोल मिळालं की निगतो."

पहिल्यांदाच त्यांनी चाकावरून नजर उचलून पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे ढग दाटले होते. ते उठले आणि घागर भरायला गेले.