मिठागराचा पांढरा

गेली कितीतरी वर्षं मी एका टेक्स्ट एडिटरसाठी रंगांची थीम सांभाळतो. प्रोग्राम लिहिताना मागचा पडदा कुठल्या रंगाचा, अक्षरं कुठल्या, टिपा किती फिकट, हे ठरवणारी ही एक छोटीशी फाइल. त्यात पैसा नाही, कुणी हारही घालत नाही. पण कुठल्या कुठल्या गावची माणसं दिवसभर माझ्या रंगांत काम करतात, याचा मला भलताच माज होता. थीमचं नाव ‘मिठागर’. पनवेलहून उरणला जाताना लहानपणी पाहिलेल्या मिठाच्या राशींचा पांढरा मला पडद्यावर हवा होता. किंचित राखाडी, डोळ्यांना न टोचणारा.

कळंबोलीत लोखंडाच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारं माझं छोटं ऑफिस आहे. तिथे उरणकडची एक सहकारी होती. तिच्या घरच्यांची पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं. थीममध्ये ती मला मदत करायची, आणि तिची नजर माझ्यापेक्षा तयार होती. हे आज लिहितोय. तेव्हा मेलो असतो तरी कबूल केलं नसतं.

एक दिवस ती म्हणाली की कालपर्यंत बरोबर होता, आज पांढरा निळसर पडलाय. मी म्हणालो, उलट तो पिवळा पडत होता, मीच ताळ्यावर आणलाय. महिन्याभराने ती पुन्हा बोलली, “मीठ असं नसतं, सर.” बाहेरच्या लोकांच्याही तक्रारी यायला लागल्या. त्यांना मी एका ओळीत उत्तर द्यायचो, आपला स्क्रीन तपासा. तिला मात्र सगळ्या ऑफिससमोर सुनावलं, मीठ कसं असतं ते मला शिकवू नकोस. थीममध्ये बदल करायचा तिचा अधिकारही काढून घेतला. दोन महिन्यांनी ती नोकरी सोडून खारघरच्या एका कंपनीत गेली. मी रंग सुधारतच राहिलो.

यंदा मोतीबिंदू निघाला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एडिटर उघडला. नीळ जास्त झालेल्या बनियनसारखा पडदा. उजवा डोळा मिटला की माझं मीठ, डावा मिटला की नीळ. मी तसाच आलटूनपालटून डोळे मिटत बसलो, तेव्हा बायकोने विचारलं, दुखतंय का. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत गेलं होतं, आणि तो पिवळेपणा घालवायला मी पडद्यावर थोडा थोडा निळा ओतत होतो. नाचता येईना अंगण वाकडं, तसे मी सगळ्यांचे स्क्रीन वाकडे ठरवले होते.

जुन्या सगळ्या आवृत्त्या जपलेल्या असतात, मागे जाणं एका मिनिटाचं काम. पण किती मागे? डोळा कधीपासून बिघडला, याची नोंद कुठेच नव्हती. उजव्या डोळ्याने एकेक आवृत्ती पाहिली, पण आता मला माझ्या कुठल्याच डोळ्याचा भरवसा वाटेना.

सांगू शकेल असं एकच माणूस होतं. फार लाज वाटत होती, तरी फोन केला. आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं. ऑपरेशन कसं झालं, थेंब वेळेवर घालता ना, हेच तिने आधी विचारलं. शेवटी मीच विचारलं, कुठल्या आवृत्तीपर्यंत मागे जाऊ?

“मी पयल्यांदा बोलले ना सर, त्याच्या आदल्या दिवसाची बरोबर हाय,” ती म्हणाली. “मी अजून तीच वापरते. नंतरची घेतलीच नाय.”