ओठात धागा धरून

आमच्या गल्लीत हळू बोलायची पद्धतच नाही. वडगावात आमच्या भागात कुणाच्याही घरी जा, पुढच्या खोलीत माग. आणि माग चालू असला की शेजारी बसलेल्या माणसाला "पाणी दे" म्हणायला सुद्धा ओरडावं लागतं. जन्मल्यापासून हेच चालू, त्यामुळं माग बंद झाला तरी आवाज काही खाली येत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासुरवाडीची माणसं पहिल्यांदाच घरी आली होती. चहा पिता पिता सासरे माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "तुमच्यात काही भांडण चाललंय का?" भांडण कसलं डोंबलाचं! माझी आई पाहुण्यांना चिवडा घ्या म्हणत होती.

ही त्याच आईची गोष्ट आहे, आणि ती सांगताना माझी छाती फुगते हे आधीच सांगून टाकतो. पण सुरुवातीला मी जे वागलो त्याचा अभिमान वाटण्यासारखं काही नाही. तेही सांगायलाच हवं.

आई लहानपणी हातमागावर बसली, लग्नानंतर घरात यंत्रमाग आला तर त्यावर उभी राहिली. साठी ओलांडली तरी तिचा हात थांबलेला नाही. शाळेचं तोंड तिनं बघितलेलं नाही. अक्षर तिला येत नाही, पण आकड्यात तिला कुणी फसवून दाखवावं! साडीच्या काठाचे धागे रंगाप्रमाणे मोजून घ्यावे लागतात, चार लाल, आठ पिवळे, आठ हिरवे, पुन्हा चार लाल. हे ती मोठ्यानं म्हणत जाते आणि तिची बोटं मागोमाग चालतात. मोठ्यानं मोजलं नाही तर काठ चुकतो, असं तिचं ठाम मत आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं तेच मत आहे.

वडील होते तोवर मजुरी त्यांच्या हातात यायची. ते गेल्यावर साड्या विणून घेणारा व्यापारी ती आईच्या खात्यावर टाकायला लागला. खातं तिचं, कष्ट तिचे, पण बँकेत जाणार मी आणि बाजारातनं आणणारही मीच. मी पडलो ऑफिसात जाणारा माणूस. खिशात पाकीट ठेवायचं कधीच सोडून दिलेलं. दूधवाला असो नाहीतर केळीवाली, फोन पुढं करायचा की झालं. त्यामुळं घरात रोख नावालाच. आईला काय हवं ते तिनं मला सांगायचं, मी संध्याकाळी येताना घेऊन यायचं. काय सोय केलीय मी, असं मला वाटायचं.

त्या सोयीत एक खडा होता, तो म्हणजे मिसरी. निपाणीकडची तंबाखू भाजून कुटलेली ती काळी पूड सकाळी दाताला लावल्याशिवाय आईचा हात मागाला लागत नाही. आणि मी मिसरीचा वैरी. प्रत्येक पुडीबरोबर माझं एक भाषण फुकट. तोंडाचे रोग, डॉक्टरांचा सल्ला, शेजारच्या गल्लीतल्या म्हातारीचं काय झालं, सगळं ऐकवायचो. ती मान खाली घालून पुडी घ्यायची. एके दिवशी मात्र भडकली.

"आधी तुझ्या बापाला मागितलं, आता तुला मागायचं. माझ्या हातानं मिळवून जन्मभर मागतच बसू व्हय रं? मला बी त्यो फोन शिकव."

मी हसलो. हसायला नको होतं.

बायकोनं आपला जुना फोन आईला दिला आणि मी त्यात पैसे द्यायचं सगळं बसवून दिलं. आई दोन दिवसांत शिकली. दुकानातल्या त्या चौकोनावर फोन धरायचा, आकडा टाकायचा, मग गुप्त नंबर. गुप्त नंबर कुठला ठेवू म्हटल्यावर तिनं क्षणभरही विचार केला नाही. "चार, आठ, आठ, चार. काठाचा हाय. मेल्यावर बी इसरायची न्हाय."

त्या रविवारी आम्ही मायलेक शहापूरच्या बाजारात गेलो. ओळखीचं किराणा दुकान, दुकानदार कानडी बोलणारा, मराठीही आपल्यासारखीच बोलतो. गर्दी होती. आईनं साखर, चहापूड आणि मिसरीची पुडी घेतली, पुडी घेताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग कमरेच्या पिशवीतनं फोन काढला. चौकोनावर धरला. आकडा बरोबर टाकला. मी मनात म्हटलं, शाब्बास! आणि मग गुप्त नंबराचा पडदा आला आणि माझी आई, चाळीस-पन्नास वर्षं मागापुढं उभी राहिलेली बाई, काठ मोजावा तशी ओरडली.

"चार! आठ! आठ! चार!"

अख्ख्या दुकानानं वळून बघितलं. दुकानदारानं दोन्ही हात वर केले. "आक्का, मेल्लगे, मेल्लगे! हळू!" मागं उभा असलेला एक म्हातारा हसत म्हणाला, "पाठ झाला की आमास्नी बी!" तेवढ्यात दुकानातला तो बोलणारा डबा किती जमा झाले ते कानडीत खणखणीत सांगून मोकळा झाला. सगळे हसले. आईही हसली.

"त्या डब्याला वरडायची मुभा, आणि मला न्हाय व्हय?" ती म्हणाली.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं. वाटभर बोललो. अक्कल आहे का, खातं धुऊन नेलं असतं कुणीतरी, चारचौघांत असं करतात का. खरं सांगू? नुसता नंबर कळून कुणाला काही करता येत नाही, फोनही हातात लागतो, हे मला चांगलं माहीत होतं. नंबर तर घरी जाऊन बदलता आला असता. मला भीती खात्याची नव्हतीच, मला लाज वाटली होती. तिच्या आवाजाची. ज्या आवाजानं मला जेवायला हाक मारली, त्याच आवाजाची. घरी आल्यावर मी तिच्या फोनमधलं ते सगळं काढून टाकलं आणि म्हटलं, "तुला काय पाहिजे ते मला सांगत जा, पहिल्यासारखं."

"बरं," आई म्हणाली. एवढंच.

त्यानंतर तिनं मला काही सांगितलंच नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मी येताना विचारायचो, काय आणू? "काय नको." मिसरीची पुडी संपली होती हे मला कोनाड्यातल्या रिकाम्या डबीवरनं कळलं. मिसरीवाचून तिचं डोकं दुखत होतं, सकाळी कपाळाला फडकं बांधून ती मागापुढं उभी राहायची. पण मागितली नाही. आणि मी किती शहाणा बघा, मनात म्हणालो, चला, मिसरी तरी सुटली.

एका शनिवारी मी घरीच होतो. दुपारी लाईट गेली. आमच्याकडं लाईट गेली की एकदम सगळ्या गल्लीचे माग थांबतात आणि अशी शांतता पडते की कानात घूं होतं. मी पुढच्या खोलीत आलो. आई थांबलेल्या मागापाशी खाली बसली होती, शेजारी माझी बायको. आईच्या मांडीवर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा होता आणि त्यावर बायकोनं पेनानं दहा चौकोन आखून आकडे लिहिले होते, फोनवर असतात तसे. आई एका बोटानं त्यावर टकटक करत होती. आणि तिच्या ओठांत एक धागा होता.

मागावर धागा तुटला की तो सांधताना विणकर त्याचं टोक ओठात धरतो. दिवसभरात आई गप्प असते ती तेवढाच वेळ, कारण तोंड उघडलं की धागा गेला. हे मी लहानपणापासून रोज बघत आलोय. मोठ्यानं न मोजता नंबर दाबायचा कसा, यावर तिनं तिच्या कामातलाच उपाय शोधला होता.

मी काहीतरी बोलायला गेलो तर बायको म्हणाली, "अहो, गप्प बसा जरा. मोजू दे त्यांना." आणि मग कळलं की हे पंधरा दिवस चाललंय. लाईट गेली की दोघी बसायच्या. पहिले काही दिवस धागा सारखा तोंडातनं पडायचा. आई नवा धागा घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू.

एका पुडीसाठी मुलापुढं हात पसरायला लागू नये म्हणून साठी ओलांडलेली बाई गप्प बसायला शिकत होती. आणि तिला हात पसरायला लावणारा मी! मी तिथंच खाली बसलो, तिचा फोन मागून घेतला आणि सगळं पुन्हा बसवलं. "चुकलो आई," म्हटलं. तिनं धागा ओठातनं काढला नाही, नुसती मान हलवली. नवा नंबर टाकायची वेळ आली तेव्हा तिनं बोटानं आम्हा दोघांनाही दार दाखवलं. आम्ही नवराबायको पायरीवर जाऊन बसलो.

तेव्हापासून आई एकटी बाजारात जाते. भाजी, फुलं, चहापूड, आणि हो, मिसरी. भाषण मी अजूनही देतो, पण आता ती मिसरी लावत लावतच ऐकते.

आता शेवटचं. मागच्या महिन्यात मावशीच्या घरी सांबऱ्याला वास्तुशांत होती. जाताना मिठाईच्या दुकानात थांबलो. मी ऐटीत दोन मोठे खोके सांगितले, दुकानदारानं दोरा बांधून पुढं ठेवले, मी फोन धरला. चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. माझ्या बँकेचं काहीतरी अडलं होतं. पुन्हा धरला, पुन्हा तेच. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. खिशात एक नोट नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, दुसऱ्या कुणाचा फोन आहे का?"

मी मागं वळलो. आई पिशवी धरून उभी होती.

"आई," मी हळूच म्हणालो, "तेवढं देतीस?"

मला वाटलं, आता मला भाषण मिळणार. खिशात दोन नोटा ठेवाव्यात, माणसानं एवढं फोनवर विसंबू नये. मिळायलाच हवं होतं. पण ती पुढं आली, फोन काढला, चौकोनावर धरला, आकडा टाकला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तोंड तिकडं कर." मी केलं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघत राहिलो. आईनं पदराचं टोक ओठात धरलं आणि गप्प उभी राहून नंबर दाबला.

डबा खणखणीत बोलला. समोर चार गिऱ्हाइकं, चौघांचेही फोन वर धरलेले. दुकानदारानं मान वर करून विचारलं, "कुणाचं आलं?"

आईनं ओठातनं पदर काढला.

"माझं!" ती ओरडली, चालू मागावरनं ओरडतात तशी.

रस्त्यापलीकडच्या फुलवालीनं दचकून वर बघितलं. मी आईला हळू बोल म्हणालो नाही.