बदलीला कारण लागतं

लंडनजवळच्या आमच्या हाउन्सलोच्या मराठी मंडळात किस्से जमवावे लागत नाहीत. स्वेटरवर मांजराचे केस जमतात तसे ते जमतात. कितीही झटका, चार राहतातच. त्यात कोणाच्या मुलाने युनिव्हर्सिटी बदलायचं नाव काढलं, की बघायलाच नको. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं-तिघं एकदमच बिघडलो, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर आहे.

मी लीड्सला मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला ते नको होतं. काय हवं होतं ते विचारू नका, तेव्हा सगळे तेच विचारत होते. ट्रान्स्फरसाठी एक स्टेटमेंट लिहायचं असतं. हे का सोडताय, ते का हवंय. वाचणाऱ्याला पटलं तर मी सुटणार होते, नाही पटलं तर डॉक्टर होणार होते.

*

पेंडसेकाका एअरपोर्टच्या कार्गो ऑफिसात. पण त्याआधी पुण्यात सरकारी कचेरीत, बदल्यांच्या टेबलावर. ट्रान्स्फर हा शब्द ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर गेलेलं राज्य परत आलं.

"बदलीला तीनच कारणं चालतात," ते म्हणाले. "आईवडिलांचं आजारपण, स्वतःचं आजारपण आणि पती-पत्नी एकत्रीकरण. तुझं कुठलं?"

"काका, मला गाव नाही, विषय बदलायचाय."

"विषय नंतर. आधी कारण." मग आवाज उतरवून म्हणाले, "तिसरं तर नाही ना?"

आई शेजारीच भजी तळत होती. पुढचा आठवडाभर मला आलेला प्रत्येक फोन तिने आधी उचलला.

*

समीर माझा मित्र. इथेच जन्मलेला, मराठीतल्या लिंगांशी कायमचं वैर. त्याला अकाउंटन्सी सोडायची होती. काकांनी त्याला स्टेटमेंट लिहून दिलं. सुरुवात 'सविनय सादर' छापाच्या इंग्रजीने, आणि पुढे आई अंथरुणाला खिळली आहे, घरात दुसरं कोणी नाही, सबब बदली मिळावी. समीरने न वाचता पाठवलं.

नव्या युनिव्हर्सिटीतल्या एका भल्या बाईने काळजीने घरी फोन केला. समीरच्या आईने धापा टाकत उचलला. ती नुकतीच बॅडमिंटन खेळून आली होती. जिंकूनही आली होती आणि तेही तिने सांगितलं.

समीर मला म्हणाला, "माझा आई खरा बोलला आणि माझी अर्ज गेली."

काकांचं मत वेगळं. "आईला आधी कल्पना द्यायला हवी होती."

*

माझे बाबा इथे सर्जन व्हायला आले होते. मिळाला म्हाताऱ्यांचा वॉर्ड. त्या काळी आपल्या डॉक्टरांना तोच मिळायचा. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि बाकी सगळ्याबद्दल बोलायचे.

एका रविवारी त्यांनी स्वतःच माझा ड्राफ्ट लिहून आणला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा: 'स्त्री, वय एकोणीस. तक्रार, अभ्यासात रस नसणे. झोप व भूक ठीक. कुटुंबात असा इतिहास नाही.' शेवटच्या वाक्याखाली रेघ मारलेली.

"बाबा, हा डिस्चार्ज रिपोर्ट आहे."

"डिस्चार्ज बरं झाल्यावर मिळतो. तू अजून ॲडमिट आहेस."

*

आईची एकच अट होती. लीड्सबद्दल वाईट लिहायचं नाही. "सासरचं बाहेर सांगू नये. तुझं कॉलेज म्हणजे सासरच."

म्हणून मी लीड्सची स्तुती केली. प्राध्यापक थोर, लॅब उत्तम, मित्रमैत्रिणी प्रेमळ. हे माझ्या तिथल्या ट्यूटरला दाखवलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि विचारलं, "मग तू जातेस कशाला?"

हा प्रश्न मी घरी आणला. आई म्हणाली, "बघ, त्यांनाही तू हवी आहेस."

*

जायचं कुठे, हेही काकांनीच ठरवलं. "बदली मागायची तर चांगल्या ठिकाणची माग. केंब्रिज. तिथे आपला माणूस आहे."

आपला माणूस म्हणजे काकांच्या मेव्हण्याचा मित्र. चौकशी केली तेव्हा कळलं, तो कॉलेजांच्या किचनमध्ये पाव पोचवतो.

"काका, तो काय करणार?"

"रोज आत जातो ना? आपल्यापैकी कोण जातं?"

 

*

शेवटी गणपतीच्या मीटिंगमध्ये, मखर थर्माकोलचं की पुठ्ठ्याचं हा वाद संपल्यावर, माझं स्टेटमेंट मोठ्याने वाचण्यात आलं. प्रत्येकाने भर घातली. आरतीत मी झांजा वाजवायचे, त्याचं नेतृत्व झालं. मराठी शाळेत पोरांवर ओरडायचे, त्याचं समाजकार्य झालं. काकांनी माझ्याही आईला अंथरुणाला खिळवलं. ऐकता ऐकता मलाच ही मुलगी आवडायला लागली. पण ती कोण, हे कळेना.

तेवढ्यात पेंडसेकाकू म्हणाल्या, "पण हिला शिकायचंय काय?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे.

"माहीत नाही," मी म्हणाले.

काका हळहळले. "अगं, माहीत नाही म्हणून बदली मिळत नाही."

घरी जाऊन मी सगळं खोडलं. आई निरोगी झाली, झांजा गेल्या, कुटुंबाचा इतिहास गेला. कारणाच्या जागी बसून राहिले. मुदत संपली तेव्हाही ती जागा कोरीच होती. लीड्सला मी परत गेले नाही.

*

त्यानंतर मी एअरपोर्टवर परफ्यूम विकायला लागले. मंडळात माझं नाव घेताना लोक 'सध्या' हा शब्द लावायचे. मेधा सध्या एअरपोर्टवर असते. बाबा माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलायचे, आणि आई जेवणात मीठ बरोबर घालायची.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका शनिवारी मी चहा घेत होते, तेव्हा बाबा समोर येऊन बसले. हॉस्पिटलचा एक छापील कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन. विभाग बदलून मिळण्याचा अर्ज होता. नाव, हुद्दा, वॉर्ड, सगळं त्यांच्या त्या भयंकर डॉक्टरी अक्षरात भरलेलं. खाली एक चौकट मोकळी होती.

"तुझं इंग्रजी बरं आहे," ते म्हणाले. "लिही."

मी पेन उचललं. "कारण काय लिहू?"

त्यांनी माझ्या कपाकडे बघितलं. "तू काय लिहिलं होतंस शेवटी?"

"काहीच नाही. कोरं ठेवलं होतं."

बाबांनी मान हलवली. माझा कप ओढून घेतला आणि एक घोट प्यायले.

"मग तसंच राहू दे," ते म्हणाले. "फक्त आईला आजारी पाडू नकोस."