रस्ता ओलांडून आलेलं स्मारक

"मॅडम, अजून जरा उंच करा. विमानतळावरून येणाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे," अग्निशमन दलाचे साहेब म्हणाले. जालना रोडवरच्या चौकात आम्ही भर उन्हात उभे होतो. मधोमध रोटरी, म्हणजे गाड्या ज्याला वळसा घालतात ते गोल बेट. ड्यूटीवर जीव गमावलेल्या जवानांचं स्मारक तिथं व्हायचं होतं. मी आर्किटेक्ट; उंच मनोऱ्याचं ड्रॉइंग माझं होतं आणि मी त्यावर भलतीच खूश होते.

जागा बघायला गयाबाईंना बोलावलं होतं. त्या सोयगावहून एसटीनं आल्या होत्या. त्यांचा मुलगा दलात होता, वाळूजच्या एका आगीत गेला. समोरून ट्रक, रिक्षा, कंपनीच्या बस. थांबायचं नाव कुणी घेईना.

"मावशी, तिथं मधे होणार," मी हात करून दाखवलं.

"चांगलं हाय. पर बाई, उद्घाटनाला पोलीस गाड्या थांबवतील. मागून मी येकली आले तर? पोराच्या नावावरून हात फिरवायचा म्हनलं तर तिथवर जाऊ कशी? दुरून बघायला घरी फोटो हाय की."

मी ड्रॉइंगची गुंडाळी केली.

दुपारी मी म्हटलं, "साहेब, फायर स्टेशनच्या आवारातच करू या."

"आणि बंब काय हवेतून काढू? टर्निंग रेडियस बघितला का?"

टर्निंग रेडियस म्हणजे गाडीला वळायला लागणारी जागा. बंबाला ती ऐसपैस लागते. मुद्दा बिनतोड होता. मग मी उंच मनोऱ्यावर पाणी सोडलं आणि कंपाउंडच्या कडेनं, कडुनिंबाखाली, दगडाची बुटकी भिंत काढली. नावं हाताला लागतील अशी.

"हा तर पारावरचा कट्टा झाला," साहेबांनी नाक मुरडलं. पण जागेवर चुन्यानं रेघ मारून त्यांनी बंब बाहेर काढून बघितला. चाक रेघेला शिवलं नाही. "करा," म्हणाले.

उद्घाटनाला पाहुण्यांचं भाषण रंगात आलं आणि आवारातली घंटा घणघणली. रांगेतले जवान पळाले. पाहुणे माइक धरून तसेच राहिले. गयाबाई भिंतीपाशी होत्या, एक हात मुलाच्या नावावर. बंब शेजारून वळला तसा त्यांनी दुसरा हात वर केला.

"समदे वापस या रे, बाबांनो!"

"व्हय मावशी!" बंबातून आवाज आला.

संध्याकाळी सगळे परतले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आता कुठलंही काम आलं की आधी विचारते, इथं माणूस पोचणार कसा? उंचीचं नंतर बघू.