गोदामाच्या भिंतीवरची सावली

भूतखेत, चकवा, करणी... मी यातलं काही मानत नाही. कोणी "अमक्याला तमकं दिसलं" सांगायला लागलं की पहिला हसणारा मीच. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी राग नाही. पण जे झालं ते आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर, दुपारी चार वाजता झालं, आणि माझ्याबरोबर आईनेही बघितलं.

आम्ही रत्नागिरीत, भाट्याच्या पुलापलीकडे राहतो. मी घरी बसून व्हिडिओ गेमच्या भिंती बनवतो. म्हणजे परदेशातली कंपनी गेम काढते, ती पुण्यातल्या एका ऑफिसला काम देते, ते मला देतात. खऱ्या भिंतींचे फोटो काढायचे आणि गेममधल्या इमारतींवर चढवायचे. फोटोत सावली अजिबात चालत नाही, म्हणून ढगाळ दिवस गाठायचा आणि भिंतीजवळ कोणाला फिरकू द्यायचं नाही. सावल्या नंतर गेम स्वतः पाडतो.

अशा एका गुन्हेगारीच्या गेमसाठी मी दोन वर्षं राबलो. दिसायला काय देखणा म्हणून सांगू! ओल्या डांबरावर दुकानांचे दिवे चमकतात, माणसाच्या कानामागचा घाम दिसतो. आणि खेळायला? बडा घर पोकळ वासा. बॅग उचल, गाडी चालव, चौघांना गोळ्या घाल, परत ये. पुन्हा बॅग उचल. तासाभरात जांभया यायला लागल्या. शेवटी नावांची लांबलचक यादी येते, त्यात त्यांच्या कॅन्टीनवाल्याचंही नाव आहे. आमच्यापैकी एकाचंही नाही.

आणि असल्या गेमपायी मी माझ्या बापाला हाकललं.

झालं असं, की त्यांना बंदरावरच्या गोदामासाठी जुनाट भिंत हवी होती. आमच्या मागीलदारची चिऱ्याची भिंत, गिलावा नसलेली, शेवाळ धरलेली... मला तीच योग्य वाटली. तीन दिवस फोटो काढत होतो. बाबा रोज येऊन नेमके भिंतीपुढे उभे राहायचे. लुंगी वर खोचलेली, डोक्याला टॉवेल, एक हात कमरेवर.

"अरे, जरा बोलायचं होतं तुझ्याशी."

"नंतर, बाबा. बाजूला व्हा, सावली पडते."

ते मुकाट बाजूला व्हायचे. तिसऱ्या दिवशी मी ओरडलोच, "एकदा सांगून कळत नाही का तुम्हाला?" त्यानंतर ते आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळीला म्हणून उठले आणि खाटेपाशीच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. काय बोलायचं होतं, ते आईलाही माहीत नाही.

गेम बाजारात आला तो पुढच्या वर्षी. मी घेतला तो फक्त माझी भिंत बघायला. कंटाळवाणी कामं उरकत एकदाचा त्या गोदामापाशी पोचलो. भिंत झकास बसली होती. पण तिच्यावर एका माणसाची सावली होती. माणूस नाही, नुसती सावली.

आता ऐका माझी अक्कल. आमच्या धंद्याची सवय अशी, की चूक दिसली रे दिसली की कळवायची. मीही फोटो काढला, जागा लिहिली, "गोदामाच्या भिंतीवर अनावश्यक सावली, कृपया काढावी" असं कळवून मोकळा झालो. सावलीकडे नीट बघितलंसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी आईला गंमत म्हणून बोलावलं, "ये, आपली भिंत बघ कुठे पोचली ती." ती चहाचा कप घेऊन बसली. बघता बघता तिने कप खाली ठेवला.

"अरे, हे आपले हेच! टॉवेल बघ कसा बांधलानी."

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. एक हात कमरेवर होता.

"जवळ ने की रे," आई म्हणाली.

मी गेममधला माणूस दोन पावलं पुढे नेला. सावली हलली. मुकाट्याने सरकत भिंतीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मागे आलो, ती परत मधे आली. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा बाजूला. मला रडूच फुटलं. टीव्हीसमोर हात जोडून "बाबा, नका ना सरकू" म्हणत होतो.

त्याच संध्याकाळी मी कळवलं, माझी चूक झाली, ती सावली राहू द्या. उत्तर नाही. पुढे दहा दिवस आई रोज चारला चहा घेऊन टीव्हीसमोर बसायची. मी गेममधला माणूस लांब उभा करून ठेवायचो. ती सावलीला घरातलं सगळं सांगायची... आंबा कसा धरलाय, माझं लग्न कसं जमत नाही. एवढी मोकळी मी तिला वर्षभरात बघितली नव्हती.

अकराव्या दिवशी गेमचं अपडेट आपोआप उतरलं. भिंत स्वच्छ!

आईने बराच वेळ वाट बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तूच काढायला सांगितलंस ना?"

मी हो म्हटलं. ती कप उचलून आत गेली.

माझे मूळ फोटो मी शंभरदा तपासलेत, एकातही सावली नाही. तो गेम खेळणाऱ्या इतरांना विचारलं, कोणालाच ती कधी दिसली नव्हती. आणि परवा कंपनीचं उत्तर आलं – आमच्याकडे अशी कुठलीच सावली सापडली नाही, आम्ही काहीही काढलेलं नाही.

मग काढली कोणी? मला उलगडा होत नाही. आईला मात्र झालाय. ती म्हणते, बाजूला व्हा म्हणून दुसऱ्यांदा सांगितल्यावर कोण थांबेल?