जॉर्जियातलं माझं खातं

माझं दुसरं बँकखातं जॉर्जिया देशात आहे, असं मी सांगते तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकींकडे. पहिलं खातं धरणगावला आहे. या दोन बँकांच्या मध्ये काय काय लागतं ते मला विमानाच्या खिडकीतूनही कळलं नाही, कारण अर्धा प्रवास मी डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेत होते.

कागदावर मी पर्यटक होते. खरं कारण वेगळं होतं. माझी धाकटी लेक तिथं डॉक्टरकी शिकते. मागच्या हिवाळ्यात तिला ताप भरला. खोलीत एकटीच होती. फोनवर आधी ‘काही नाही, काही नाही’ म्हणाली आणि मग एकदम रडायला लागली. तिचा ताप दोन-चार दिवसांत उतरला, ती हसायलाही लागली, पण माझ्या डोक्यातला काही उतरेना.

तिच्या वडिलांनी जेवता जेवता एकच प्रश्न विचारला, ‘‘तठे तिले कोन ओळखस?’’

आमच्याकडे हा प्रश्न वरवरचा नसतो. नाव-गाव ठाऊक असणारे रस्त्यावर पुष्कळ भेटतात. रात्री-बेरात्री दार वाजवलं तर उठेल, चार लोकांत उभा राहून ‘हे माणूस आमचं’ म्हणेल, त्याला आम्ही ओळखणारा म्हणतो. असा कोणी नसेल तिथं लेक ठेवायची कशी? मी म्हटलं, मी जाते, डोळ्यांनी बघते. एकही माणूस तसा दिसला नाही तर पोरीला घेऊन येते, शिक्षण गेलं खड्ड्यात. परतीचं तिकीट एकच काढलं होतं, पण मनात दोन होती.

लेक काही कच्च्या गुरूची चेली नाही. विमानतळावर गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, ‘‘माय, माले लई जावाले उनी ना?’’

न्यायला आले हे तिनं ओळखलं होतं. ‘‘आधी घर त दखाड,’’ मी म्हटलं.

लेक राहते ते तिबिलिसी गाव डोंगरांच्या कुशीत आहे, मधून नदी जाते. दुकानांवरच्या पाट्या पाहून वाटे, कोणीतरी कुरडया घालायला बसलंय आणि उठायचं नावच घेत नाही. लेक त्या कुरडया घडाघडा वाचत होती. मी तिच्या मागून चालताना सारखी थांबत होते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईचं पावाचं दुकान होतं. जमिनीत विहिरीसारखी भट्टी, आत लाल निखारे, आणि ती बाई कमरेपर्यंत आत वाकून कणकेचा लांबडा गोळा आतल्या भिंतीला थापायची. दर वेळी वाटायचं, गेली ही आता आत. मी खापरावर मांडे करण्यात कोणाला हार जात नाही, पण तिथं मी तोंडाचा आ करून उभी राहिले. ती लेकीशी हसून बोलली, तिच्या गालाला पिठाचा हात लावला. मी मनात म्हटलं, दुकानदार गिऱ्हाइकाशी गोड बोलणारच. हे माणूस मी हिशेबात धरलं नाही.

लेक सकाळी दवाखान्यात जायची ती संध्याकाळी यायची. मी दिवसभर चौथ्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसायची. माझ्याजवळ पैसे होते, पोलक्याच्या आत पिशवी शिवून घेतली होती. पण तिथल्या बसमध्ये नोट चालत नाही, कार्ड टेकवावं लागतं. लेकीनं स्वतःचं कार्ड पुढं केलं तर मी फणकारले, ‘‘तुझ्या कार्डावर फिरायला मी काय तुझी पाहुणी आहे?’’ होते पाहुणीच, पण तोंडातून निघून गेलं.

‘‘मग स्वतःचं खातं काढ,’’ तीही माझीच लेक, तिनं तितक्याच फणकाऱ्यानं सांगितलं. ‘‘पर्यटकालाही काढता येतं. पासपोर्ट लागतो.’’

माझा विश्वासच बसेना. धरणगावच्या बँकेत कोणी शेजारच्या तालुक्यातून आला तरी साहेब त्याला दहा प्रश्न विचारतात, आणि इथं परमुलखातल्या बाईला खातं देणार?

खातं काढण्यात खरं तर माझा हातखंडा आहे. आता आधार आलं, यंत्रावर अंगठा टेकवला की बँक माणसाला ओळखते. पण आमचा गट सुरू झाला तेव्हा एक जुना खातेदार लागायचा. त्यानं सही करून सांगायचं, या माणसाला मी ओळखतो. बायकांसाठी अशी सही करायला त्यांच्या घरचे पुरुषही कां-कू करत. म्हणून कापूस वेचायचं काम नसेल त्या दिवशी मी बायकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवायची आणि धरणगावला न्यायची. साहेब चष्म्यावरून बघत विचारायचे, ‘‘अक्का, हिला कधीपासून ओळखता?’’ मी म्हणायची, ‘‘लगीन व्हईसन उनी तवपासून. बाई मनी ओळखनी शे. जबाबदारी मनी.’’ म्हणजे लग्न होऊन आली तेव्हापासून, बाई माझ्या ओळखीची आहे. साहेब बाहेरगावचे, त्यांना आमची बोली अर्धीमुर्धी समजे. पण जबाबदारी हा शब्द त्यांना नीट समजायचा, आणि तेवढ्यावर शिक्का पडायचा. धाकटी तेव्हा शाळेतही जात नव्हती. घरी कोणाच्या गळ्यात मारायची म्हणून मी तिला बरोबर न्यायची. ती बाकावर पाय हलवत बसायची आणि पेनाला बांधलेल्या दोऱ्याशी खेळायची.

लेकीला सुटी मिळाली तसं आम्ही बँकेत गेलो. दार आपलं आपण उघडलं. आत माणसं पुष्कळ होती, पण देवळाच्या गाभाऱ्यात बोलावं तसं सगळे हळू बोलत होते. टेबलावर पेन मोकळं पडलं होतं, दोऱ्याशिवाय.

मी पेनाकडे बोट करून लेकीला विचारलं, ‘‘कोनी लई जात नही का?’’

‘‘जाऊ दे ना माय,’’ ती म्हणाली.

टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती. तिनं पासपोर्टातला फोटो बघितला आणि मग मला. फोटोत मी कोणाच्या तरी तेराव्याला बसल्यासारखी दिसते, त्यामुळे तिला जरा वेळ लागला. तिनं विचारलं, काम काय करता? लेकीनं सांगितलं, शेती. कशाची? कापसाची. त्यावर त्या मुलीनं स्वतःच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून मला दाखवली, हाच ना? मी मान हलवली. ते कापड कुठल्या देशातलं होतं देव जाणे. पण इतक्या लांब, इतक्या थंडीच्या गावात एका अनोळखी पोरीच्या अंगावर कापूस आहे आणि तो पिकवणारी तिच्यासमोर बसली आहे, या गोष्टीनं मला काही वेळ दुसरं सुचेना. आम्ही बोंडं वेचतो, गाडी भरतो, विकतो, पुढं तो कुठं जातो हे कधी मनातही येत नाही.

मग त्या मुलीचा हात थांबला. पर्यटकाला खातं कशाला, तुम्ही तर परत जाणार, असं काहीसं ती म्हणाली आणि उठून आत गेली. एका वयस्कर साहेबांना घेऊन आली. पांढऱ्या मिशा, चेहरा कडक. त्यांनी माझा पासपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला आणि एकच वाक्य विचारलं. लेक माझ्याकडे वळली.

‘‘काय म्हनतस साहेब?’’ मी विचारलं.

‘‘आठे तुले कोन ओळखस, असं विचारी राह्यनात.’’

हाच प्रश्न मी पदराच्या गाठीत बांधून एवढ्या लांब आणला होता, लेकीसाठी. तो त्यांनी मलाच घातला. धरणगावच्या बँकेत शिपाईसुद्धा ‘अक्का, या, बसा’ म्हणतो. इथं मी कोण? गटाची अध्यक्ष असेन माझ्या गावात. मला ट्रॉलीतून उतरणाऱ्या त्या बायका आठवल्या, पदर कपाळापर्यंत ओढून बँकेच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या त्या. मी त्यांच्यावर खेकसायची, ‘‘घाबरी काय राह्यनी, नीट उभी राह्य.’’ त्यांना तेव्हा काय वाटत असेल ते मला त्या मऊ खुर्चीत बसून कळलं. मी पासपोर्टासाठी हात पुढं केला. म्हणणार होते, चल घरी, नको ते खातं, मी बसेन खोलीत.

तेवढ्यात लेक उठून उभी राहिली आणि बोलायला लागली. त्यांच्या भाषेत घशातून निघणारे काही आवाज आहेत, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसे. ते माझ्या पोरीच्या तोंडून इतक्या सहज निघत होते की मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. तिनं आवाज चढवला नाही. हात जोडले नाहीत. स्वतःचं कार्ड टेबलावर ठेवलं, तिचं खातं त्याच शाखेत होतं, पहिल्या वर्षापासून. म्हणजे ती तिथली जुनी खातेदार. साहेब काही विचारत, ती उत्तर देई, पुन्हा विचारत, पुन्हा देई. हिला मी अंगावर पाजलं, हिच्या केसातल्या उवा काढल्या, आणि मला तिची भीती वाटत होती, मोठ्या देवळात शिरताना वाटते तशी. एवढं मोठं माणूस माझ्या घरात कधी तयार झालं, मला पत्ताच लागला नव्हता.

साहेबांनी शेवटी एक लहानसा प्रश्न विचारला. लेकीनं दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मिशीतल्या मिशीत हसले. एक कागद पुढं सरकवला. लेकीनं ते मोकळं पेन उचललं आणि सही केली. सही मराठीत होती.

‘‘काय सांगं तू त्यासले?’’ मी विचारलं.

‘‘तू सांगे तेच.’’

‘‘मी काय सांगे?’’

‘‘बाई मनी ओळखनी शे. जबाबदारी मनी.’’

मला वाटलं होतं, ती तेव्हा दोऱ्याशी खेळत असायची.

‘‘आनि साहेब हसनात कसाले?’’

‘‘त्यासनी विचारं, कधीपासून ओळखस. मी सांगं, मना जनम व्हयना तवपासून.’’

मी पदरानं डोळे पुसले. त्या तरुण मुलीनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. मग माझी सही घेतली, आणि घरी निघताना माझ्या हातात माझ्या नावाचं खातं आणि एक हिरवं कार्ड होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बसनं लेकीच्या दवाखान्यात गेले. कार्ड यंत्राला टेकवलं, टिंग वाजलं. चालकानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मीच त्याला म्हटलं, ‘‘वाजलं बरं का.’’ खिडकीतून नदी दिसत होती, पलीकडच्या कड्यावर घरं टांगल्यासारखी दिसत होती, आणि हे सगळं मी माझ्या खात्यावर बघत होते. कुठं उतरायचं ते लेकीनं हातावर लिहून दिलं होतं.

दवाखान्यात लांबलचक बोळ होता. त्याच्या टोकाला ती पांढऱ्या कोटात उभी होती. एक म्हातारी तिची बाही धरून काहीतरी सांगत होती. ही वाकून ऐकत होती. एक नर्स म्हातारीला न्यायला आली तरी म्हातारी बाही सोडेना. मी हाक मारली नाही. बाकावर बसून राहिले.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. ते शेतात होते, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. त्यांनी खुशाली विचारली, थंडी विचारली आणि मग जे विचारायचं होतं ते विचारलं, ‘‘मंग, कव्हय लई येस तिले?’’

मी बोळाच्या टोकाकडे पाहिलं.

‘‘तिले कसाले लई येऊ?’’ मी म्हटलं. ‘‘आठे माले ओळखनारी ती एकलीच शे.’’

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला.

‘‘मंग राहू दे तिले,’’ ते म्हणाले.